तक्त्यांचं कपाट

२ सप्टेंबर

पोचलो एकदाच्या. सामान वर चढलं. गादी जिन्यात अडकली, त्यावरून टेम्पोवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं आणि भांडणानंतर त्यानेच ती एकट्याने खांद्यावर घालून वर नेली. जाताना ठमीच्या हातावर चॉकलेट ठेवून गेला. माझं हे नेहमीचंच. राग नाकावर असतो, पण तिथे फार वेळ टिकत नाही.

ठमी म्हणजे माझी मुलगी. वय वर्षं नऊ, चौथीत. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. तिचे बाबा जहाजावर असतात, वर्षातून दोनदा घरी येतात, त्यामुळे एरवी आम्ही दोघीच. घर बदलायचं म्हटलं तर ती रुसेल असं वाटलं होतं. पण खिडकीखालचा कोपरा तिने आल्याआल्या पटकावला आणि पलंग कसा लावायचा यावर मला हुकूम सोडायला लागली.

घरमालकीण खाली राहतात. त्यांनी चहा पाठवला आणि पाठोपाठ स्वतः आल्या, म्हणजे चहा निमित्त होतं. जहाज कुठलं, पगार किती, मुलगी एकटीच का, सगळं काढून घेतलं. बाई मनाने चांगल्या वाटतात. ठमीने त्यांना पाच मिनिटांत काकूआजी करून टाकलं.

इतकी वर्षं कुणाच्या बाळंतपणात, कुणाच्या आजारपणात त्यांच्या जागी शिकवत हिंडले. ही पहिली कायमची नोकरी. उद्या कॉलेजात माझ्या नावाचं कपाट, माझ्या नावाचा कप. आज मी इतकी खूश आहे की टेम्पोवाल्याचीही माफी मागावीशी वाटतेय.

५ सप्टेंबर

वर्ग पाहिला. तळमजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला. उजवीकडे तीन मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, फळ्याला नुकताच रंग दिलेला. बाकं जुनी आणि पिढ्यानपिढ्यांच्या कर्कटकाने कोरलेली. शेवटच्या बाकामागे भिंतीला लागून एक उंच लाकडी कपाट आहे, एका दाराचं. आत फळ्या नाहीत, कारण त्यात गुंडाळलेले तक्ते उभे ठेवतात: मेंदूचा तक्ता, मज्जासंस्थेचा तक्ता, डोळ्याची आकृती. मला तक्ते लावून शिकवायला आवडतं. मुलांनी मोबाइलमध्ये चित्र पाहिलं की ते त्यांच्या बोटाखालून निसटून जातं.

मुलं सभ्य आहेत आणि मेलेली आहेत. काही विचारलं की वहीत बघतात. अपवाद एकच, पहिल्या बाकावरची एक चुरचुरीत मुलगी. मी म्हटलेलं प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून बघते. तिचं नाव मी मनात ‘वकील’ ठेवलं होतं, आज तोंडातून निघून गेलं. वर्ग हसला, तीही हसली. आता ते नाव तिला चिकटणार.

पुढचा धडा भीतीचा. मी सांगितलं की भीती वाटली की माणूस पळतो, नाहीतर गोठतो, नाहीतर अंगावर जातो. वकिलाने विचारलं की बाई तुम्ही यांतल्या कुठल्या. मी म्हटलं, तिसऱ्या. मग तिने विचारलं, म्हणजे तुम्हाला राग येतो तेव्हा तुम्ही खरं तर घाबरलेल्या असता का. मी तिला खाली बसायला सांगितलं. घरी येऊन मला हसू आलं. पोरगी हुशार आहे, तिच्याशी जपून राहायला हवं.

ठमीची शाळा कॉलेजला लागूनच आहे. तिची शाळा आधी सुटते, मग ती कर्मचारी खोलीत बसून अभ्यास करते आणि आम्ही बरोबर घरी येतो. रस्त्यात माझा हात धरून उलटी चालते, म्हणजे माझ्याकडे तोंड करून, आणि दिवसभराची सगळी गाऱ्हाणी सांगते. कुठे खड्डा आहे हे सांगायचं काम माझं.

१० सप्टेंबर

भीती पुस्तकातून शिकवणं म्हणजे पोहणं फळ्यावर शिकवण्यासारखं. म्हणून एक प्रयोग ठरवलाय आणि वर्ग पहिल्यांदाच जागा झालाय.

उशिरा प्रवेश मिळालेली एक मुलगी उद्यापासून येणार आहे. तिला यातलं काही माहीत नाही, म्हणजे प्रयोगासाठी अगदी सोन्यासारखी. प्रयोग ज्याच्यावर करायचा त्याला आमच्या मानसशास्त्रात ‘प्रयुक्त’ म्हणतात. मुलांना तो शब्द भलताच आवडला, उगीचच एकमेकांना प्रयुक्त म्हणत होती.

योजना साधी आहे. सगळ्या वर्गाने मागच्या कपाटाला घाबरायचं. तोंडाने काही बोलायचं नाही, भुताखेताची गोष्ट नाही, किंकाळी नाही. फक्त त्याच्या जवळून जाताना अंग चोरायचं, त्याच्याकडे फार वेळ पाठ ठेवायची नाही, तक्ता आणायला सांगितलं की एकमेकांकडे बघायचं. कारण नसताना, नुसतं दुसऱ्यांना घाबरलेलं बघून माणसाला भीती लागते का, ते पाहायचं.

नियम मीच घातला आणि त्याचं मला कौतुकही वाटलं. ती नवी मुलगी कुठे ऐकत असेल सांगता येत नाही, तेव्हा कोणी विचारलं तरी नाटक आहे हे कबूल करायचं नाही. अगदी मी विचारलं तरी नाही. वकिलाने लगेच हरकत घेतली: मग हे संपलं हे आम्हाला कसं कळणार. मी म्हटलं, कळेल.

प्राचार्यांना मुलं मोठे सर म्हणतात. त्यांची परवानगी घेतली. त्यांचा आवाज इतका खालच्या पट्टीतला की हो म्हणाले की नाही ते मला ओठांवरून ओळखावं लागलं. हो म्हणाले असावेत.

१४ सप्टेंबर

काय सुरेख चाललंय. मुलं नट निघाली. मी मज्जासंस्थेचा तक्ता आणायला सांगितलं तर सगळा वर्ग असा काही गप्प झाला की क्षणभर माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी एकजण उठला, हात लांब करून दार उघडलं, तक्ता ओढला आणि मान न वळवता मागे मागे सरकत आला. त्याला नाटकात घालायला हवं.

नवी मुलगी पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसली होती, कपाटाच्या बरोबर पुढे. दुसऱ्या दिवशी तिने बाक बदलला. आज मी तिलाच डोळ्याची आकृती आणायला पाठवलं, तर अर्ध्या वाटेत थांबली आणि पोटात दुखतंय म्हणाली. तास संपल्यावर तिला बाहेर घेऊन विचारलं. ती म्हणाली की कपाटात कोणीतरी श्वास घेतंय, तिने पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, पण नव्या मुलीने उगाच शोभा कशाला करून घ्यायची म्हणून बोलली नाही.

बघा, कुणी तिला चकार शब्द सांगितलेला नाही. कारण तिचं तिने तयार केलं. घरी येताना हे सगळं मी ठमीला सांगितलं असतं, पण तिला कपाटाची भीती बसायची म्हणून जीभ आवरली. ठमी अजून दिवा लावून झोपते.

१७ सप्टेंबर

आज सगळं उघड केलं. हा प्रयोग होता, तुझ्यावर, नाराज होऊ नकोस, असं नव्या मुलीला वर्गासमोर सांगितलं. तिचा चेहरा असा सैल पडला की मलाच वाईट वाटलं. ती हसायला लागली. मीही हसले.

वर्ग हसला नाही.

मी म्हटलं, संपलं आता, कोणीतरी जा, फळ्यावरचा तक्ता आत ठेवून या. कोणी उठेना. म्हटलं, अरे नाटक संपलं. सगळे बाकाकडे बघत बसले. नव्या मुलीचं हसू हळूहळू विरलं आणि तिने पाय बाकाखालून वर घेतले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वकिलाला उभं केलं. ती म्हणाली की बाई, कबूल करायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हटलं, तो नियम मी आत्ता सगळ्यांसमक्ष मागे घेतला, आता बोल. तर ती म्हणाली की पहिले दोन दिवस आम्ही नाटकच करत होतो. नंतर करावं लागलं नाही.

शिकवणाऱ्याची टर उडवण्याच्या किती तरी तऱ्हा मी पाहिल्यात. उलटी खुर्ची, खडूत मेण, मांजराचा आवाज. माझाच प्रयोग माझ्याच गळ्यात घालणारा वर्ग पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन आदळआपट केली. ठमीने पलंगावर बसून माझ्या रागाला दहापैकी चार गुण दिले. तिच्या मते टेम्पोवाल्याच्या वेळी जास्त रंगला होता. मग मी हसले आणि झालं.

१८ सप्टेंबर

सकाळी वर्गात गेले तर सगळी बाकं पुढे ओढलेली. पहिली रांग फळ्याला टेकली होती, मला उभं राहायला जागा नाही. मागे अर्धा वर्ग रिकामा आणि त्याच्या शेवटी ते कपाट.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिपाईमामांना बोलावलं. मामा म्हणजे कॉलेजच्या भिंतींइतके जुने, कमी बोलणारे. त्यांना म्हटलं, कपाट रिकामं करा, सगळ्यांच्या देखत. त्यांनी एकेक तक्ता काढून जमिनीवर ठेवला. मागून धूळ निघाली, एक तुटकी पट्टी निघाली, मेलेली झुरळं निघाली. मी मुलांना म्हटलं, या, मोजा झुरळं. कोणी हललं नाही.

मग मी चप्पल काढली आणि आत जाऊन उभी राहिले. मामांनी हात पुढे केला होता, बहुतेक मला थांबवायला. मी दार आतून ओढून घेतलं.

आत अंधार, जुन्या कागदाचा आणि खळीचा वास. खांदे दोन्ही बाजूंना टेकत होते. मी मोठ्याने भीतीची व्याख्या म्हणायला लागले, पाठ आहे, पहिल्या वर्षापासून. निम्म्यात कुठेतरी विसरले. असं कधी होत नाही. शब्द आठवेना. मी घाबरले असं लिहायला हवं, खरं तेच आहे. ठमीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग इतका राग आला, या पोरांचा, या खोक्याचा, माझ्या स्वतःच्या विसरण्याचा, की मी दाराला लाथ घातली आणि बाहेर आले.

बाहेर आले आणि बरं वाटलं. हलकं, एकदम स्वच्छ. म्हटलं, बघितलंत? आहे काही?

ती माझ्याकडे बघत होती. सगळीच. नंतर कपाटाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. नवी मुलगी तोंडावर हात दाबून रडायला लागली. मामांनी पटकन पुढे होऊन कपाटाला बाहेरून कडी घातली. रिकाम्या कपाटाला. तक्ते तसेच जमिनीवर.

१९ सप्टेंबर

आता कपाटाकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे बघतात.

बाकांमधून फिरायला लागले की ज्या बाजूला जाते ती बाजू आक्रसते. एका मुलीच्या वहीवर बोट ठेवून चूक दाखवली तर तिने ती वही परत हातात घेतली नाही. खडू संपला, दुसरा मागितला, तर टेबलावर ठेवून मुलगा मागे मागे सरकत गेला. मान न वळवता. ही चाल मीच त्यांना शिकवलीय.

मोठ्या सरांकडे तक्रार घेऊन गेले. ऐकून घेतलं. मुलांशी बोलतो म्हणाले, तुम्ही दमला असाल, थोडी रजा घ्या. बोलत असताना ते उठून खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि मी निघेपर्यंत खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून होते. त्यांच्यापर्यंत पोरांनी काहीतरी पोचवलंय. कोणी, ते मला माहीत आहे.

राग अजून उतरलेला नाही. कालपासून तसाच आहे. सकाळी उठले तेव्हाही होता.

२१ सप्टेंबर

ठमी रस्त्यात माझा हात धरत नाही. कालपण धरला नव्हता, मला वाटलं दप्तर जड असेल. आज सरळ चालत होती, माझ्या थोडी मागे.

घरी आल्यावर विचारलं की तुला कोणी काही सांगितलंय का, माझ्या वर्गातल्या कोणी. नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. नीटच विचारलं. तिने भिंतीला पाठ लावली.

जेवताना तिने अगदी हळू विचारलं की आई कधी येणार.

मी म्हटलं, हा काय चावटपणा. ती म्हणाली, ‘तुम्ही रागावू नका.’

तुम्ही. माझ्या पोरीने मला तुम्ही म्हटलं, दारावर आलेल्या परक्या बाईला म्हणावं तसं. ताट भिंतीवर फेकलं. माझंच, तिचं नाही. तिला हात लावलेला नाही.

२२ सप्टेंबर

ठमी खाली घरमालकीण काकूंकडे झोपली. काकूंना प्रयोगाचं काही ठाऊक नाही, मी सांगितलं नाही, ठमीला तर माहीतच नाही. तरी काकू वर आल्या नाहीत. चहाचा कप जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवून खाली गेल्या आणि दार लावून घेतल्याचा आवाज आला.

ज्या बाईला माझा पगार विचारायला लाज वाटली नाही तिला आज माझ्यासमोर उभं राहवत नाही. मी कप जिन्यावरून खाली लाथाडला. आतून ठमीचं रडणं ऐकू आलं, आणि काकूंचा आवाज, गप गप, येईल हो तुझी आई.

मी इथे आहे. मी वरच्या पायरीवर उभी आहे आणि येईल म्हणतात.

२३ सप्टेंबर

वकिलाला व्हरांड्यात गाठलं. दंड धरला. धरायला नको होता, वळ उठला. म्हटलं, माझ्या मुलीला काय सांगितलंस. ती पळाली नाही. शपथेवर म्हणाली की तुमच्या मुलीशी कधी बोललेच नाही. मी म्हटलं, मग तुम्ही सगळे बघता काय माझ्याकडे, काय दिसतं तुम्हाला.

ती म्हणाली, ‘बाई आत गेल्या. बाई बाहेर आल्या नाहीत.’

मी विचारलं, मग मी कोण. ते माहीत नाही म्हणाली, म्हणून तर भीती वाटते. चेहरा तोच, आवाज तोच, त्या दिवशी साडीवरचा खडूचा डागही तोच. फरक एकच. आमच्या बाईंना राग यायचा आणि जायचा. तुमचा जात नाही.

दंड सोडला. ती जागची हलली नाही, मीच निघून आले.

खोटं आहे. राग येणारच ना. कोणाला येणार नाही. मुलगी तोडली माझ्यापासून, नोकरी घालवताहेत, आणि वर विचारतात राग का जात नाही.

पण एक गोष्ट लिहून ठेवते. त्या दिवसापासून मला कशाचीच भीती वाटलेली नाही. नोकरी जाईल याचीसुद्धा नाही. ठमी रडली तर पूर्वी पोटात खड्डा पडायचा. काल नुसती चीड आली. पोटात हात घालून शोधावं तसं शोधलं, काही सापडलं नाही.

२४ सप्टेंबर

मोठ्या सरांचा निरोप. उद्यापासून येऊ नका. निरोप मामांबरोबर. मामा फाटकाबाहेर उभे, तिथूनच ओरडून सांगितलं.

ठमीला आणायला खाली गेले. दार आतून बंद. काकू म्हणाल्या की तिच्या बाबांना कळवलंय, ते येईपर्यंत ती इथेच राहील. दारावर मुठी मारल्या. माझी मुलगी आहे. माझी. हात सोलले, दुखले नाहीत.

दारापलीकडून ठमीने विचारलं की आईला तिथून कोण काढणार.

कुठून, ते मी विचारलं नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

२५, दुपार

सुट्टी. कॉलेज रिकामं. मागची खिडकी उघडी असते, आत आले. वर्गाची कडी आतून लावली. हातोडी आणलीय. त्या खोक्याच्या ढलप्या करणार, एकेक ढलपी पोरांच्या बाकावर ठेवणार.

तक्ते अजून जमिनीवर. ऊन आलंय त्यांच्यावर. कपाटाला कडी तशीच.

पहिला घाव घातला आणि आतून कोणीतरी किंचाळलं.

नंतर

हातोडी टाकलेली नाही. कपाटाला पाठ लावून बसलेय, वही गुडघ्यावर. लिहिल्याशिवाय हात थांबत नाही.

माझा आवाज आहे. व्याख्या म्हणतोय. भीती म्हणजे— आणि तिथे अडतो, पुन्हा पहिल्यापासून. सात दिवस झाले. सात दिवस अंधारात उभं राहून ती तेच म्हणतेय.

म्हटलं, गप्प बस.

गप्प झाली. मग विचारलं, ठमी जेवली का.

मला ठाऊक नव्हतं. गेले तीन दिवस मी हा विचारच केला नव्हता—

व्हरांड्यात पावलं. पळत. लहान.

ठमी आहे. काकूंच्या हातून निसटून आलीय, मागून त्यांच्या हाका येताहेत, लांबून. ती वर्गाचं दार ढकलतेय. आई म्हणून हाक मारतेय.

म्हटलं, आहे गं, इथेच आहे.

दार ढकलणं थांबलं. मग म्हणाली, ‘तुम्ही नाही.’

पाठीमागे कपाट हादरतंय. ती रडतेय आत. ‘कपाट उघड’ म्हणत नाही. एकदाही म्हणाली नाही. ओरडतेय, ठमी पळ, ठमी आधी पळ इथून, दार उघडू देऊ नकोस तिला—

तिला म्हणजे मला.

आणि ही पळत नाही. इवलीशी मूठ दारावर आपटतेय आणि म्हणतेय, आई घाबरू नकोस, मी आलेय. दिवा लावून झोपणारी पोर. दोघी बोलताहेत. मी मध्ये बसलेय आणि दोघी माझ्या डोक्यावरून बोलताहेत, मी नसल्यासारख्या—

नऊ वर्षं मी वाढवलं. मीच. माझे हात आहेत हे. ताप आला तेव्हा हेच हात—

उठले. दाराची कडी काढतेय. ओरडणार नाही. खाली बसून, तिच्या उंचीला येऊन, नीट सांगणार, की आई मी आहे. एकदाच सांगणार. आणि तरीही ती जर म्हणाली की